मुदत अंतरावरून काढ

अड्यार, चेन्नई

चि. छकुलीस,

तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या गच्चीवरून 6 किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत वायफाय पोचलं, सिग्नल भक्कम दिसतो, पण काम रडतखडत चालतं. म्हणून तू वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरमधली, पाठवलेल्या फ्रेमची पोच येण्याची मुदत 'वाढवून वाढवून' बघते आहेस. हा चाळा सोड. तो आकडा अंदाजाने लावायचा नसतो, अंतरावरून काढायचा असतो.

रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. 6 किलोमीटर जायला 20 आणि यायला 20, म्हणजे पोच 40 मायक्रोसेकंद उशिरा येणारच. घरगुती अंतरासाठी ठेवलेली मुदत तोवर संपली, तर कार्ड फ्रेम हरवली असं धरून तीच पुन्हा पाठवतं. पलीकडे ती कधीच पोचलेली असते! वर वेग ठरवणारा भाग हवेला दोष देऊन वेग आणखी उतरवतो.

लिनक्समध्ये यासाठी कव्हरेज क्लास आहे. त्याची एक पायरी 3 मायक्रोसेकंदांची, म्हणजे जाऊन-येऊन धरलं तर 450 मीटर अंतराची. 6000 ला 450 ने भाग आणि पुढचा पूर्णांक घे: 14. 'आयडब्ल्यू' या आज्ञेला मीटरमध्ये अंतर दिलंस तरी ती हाच हिशेब करते. तुझ्या कार्डाचा एथनाइनके ड्रायव्हर या पायऱ्यांना 3 ने गुणून स्लॉटच्या वेळेत मिळवतो आणि पोचेची मुदतही त्यावरूनच बांधतो. तो भाग उघडून स्वतः वाच. कोड खुला असल्याचा फायदा वाचणाऱ्यालाच होतो.

मग सरसकट मोठा आकडा का ठेवू नये? 5 गिगाहर्ट्‌झवर मूळ स्लॉट 9 मायक्रोसेकंदांचा असतो, तो 14 पायऱ्यांनी 51 होतो. पाठवण्याआधीची प्रत्येक प्रतीक्षा या स्लॉटांतच मोजली जाते. तू 30 किलोमीटरचा आकडा ठेवलास, तर नसलेल्या अंतराची किंमत दर फ्रेमला मोजशील. आकडा दोन्ही टोकांना सारखा ठेव. एका अँटेनावर अनेक शाळा असतील तर सर्वांत लांबची धर. एथनाइनकेमध्ये 2014 साली मुदत आपोआप जुळवण्याची सोयही आली. ती पडताळ्यासाठी वापर, गणिताऐवजी नको.

आणखी एक. कधी आकडा बरोबर असूनही पद्धतच अपुरी पडते. इथे तमिळनाडूतच, थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयातले डॉक्टर लांब पल्ल्याच्या वायफायवरून खेड्यांतल्या केंद्रांमधले रुग्ण व्हिडिओवर तपासत. त्यामागे बर्कली विद्यापीठाचा गट होता. त्यांनी दर फ्रेमची पोच बंद केली, दोन्ही टोकांना पाळीपाळीने बोलायला लावलं आणि पोच एकगठ्ठा घेतली. 2007 साली त्यांनी हे काम वाइल्डनेट नावाने मांडलं. माझ्या घराजवळच्या आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने कॉरडेक्ट उभारलं, तेही पाळीचंच तंत्र. त्याचा पल्ला 10 किलोमीटरचा आणि मध्ये रिले ठेवला की 25 चा.

तेव्हा आधी नकाशावर अंतर मोज, मग भागाकार कर, मग दोन्ही टोकांना फेरपाठवणीचे आकडे बघ. तरी भागलं नाही, तरच पद्धत बदलायचा विचार कर. आणि ड्रायव्हरमधल्या बदलाचा पॅच पाठवशील तेव्हा 14 का लिहिलेत, ते त्याच्या टिपणात एका ओळीत सांग. कारण सांगता येत नसेल, तर तो पॅच पाठवू नकोस.

तुझा,
मामा