शिक्का आणि सही

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर टाकायला लिनक्स मिंट डाउनलोड केलं. मूळ फाईल चांगली दोन-तीन जीबीची. सोबत दोन चिमुकल्या फायली : एकीत अंकाक्षरांच्या लांबलचक ओळी, दुसरीच्या नावाशेवटी ‘जीपीजी’. भाचा म्हणतो, आकडा जुळला की झालं. मग ही दुसरी कशाला?
– एक वाचक, बिर्ला नगर, ग्वाल्हेर

उत्तर : भाच्याचं निम्मं बरोबर आहे. ती ओळ म्हणजे ‘शा-२५६’ या गणिताने फाईलमधून काढलेली ६४ अंकाक्षरं. फाईलमधला एक बिट इकडचा तिकडे झाला, तरी अख्खी ओळ बदलते. डाउनलोड मध्येच बिघडलं, तर इथे कळतं. पण खोटी फाईल ठेवणारा शेजारचा आकडाही बदलू शकतोच की! आणि ही निव्वळ शंका नव्हे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच संकेतस्थळात घुसून कुणीतरी १७.३ सिनॅमन आवृत्तीची लिंक फिरवली होती. त्या दिवशी ज्यांनी ती घेतली, त्यांच्या घरी चोरदरवाजासकट मिंट आलं.

दुसरी फाईल म्हणजे आकड्यांच्या त्या यादीवरची सही. तुम्ही जे. सी. मिल या कापडगिरणीच्या वस्तीतले, म्हणून कापडाचंच बोलू. गिरणीचा शिक्का सगळ्या ताग्यांवर सारखाच. ठप्पा हाती लागला की कुठल्याही मांजरपाटावर उठवता येतो. डिजिटल सही मजकुरातूनच निघते, म्हणून एकीकडची उचलून दुसरीकडे चिकटत नाही. ती करायची खाजगी किल्ली मिंटवाल्यांपाशी, तपासायची सार्वजनिक किल्ली सगळ्यांना खुली.

ती सार्वजनिक किल्ली आधी आपल्या संगणकात घ्या आणि मग जीपीजी या प्रोग्रामला सही तपासायला सांगा. ‘गुड सिग्नेचर’ असं उत्तर येईल आणि लगेच खाली इशारा, की या किल्लीची खात्री कुणी दिलेली नाही. इथे बरेच जण दचकतात. अर्थ एवढाच : सही या किल्लीची आहे, पण किल्ली कुणाची ते तुमचं तुम्ही बघा. त्यासाठी किल्लीचा ४० अंकाक्षरांचा ठसा असतो. तो पूर्ण ताडून पाहा, शेवटच्या आठांवर भागवू नका. तेवढे जुळवून बनावट किल्ली तयार करता येते. आणि ठसा दुसऱ्या ठिकाणाहून मिळवा. ज्या पानावरून फाईल घेतली तिथलाच घेणं म्हणजे चेकवरची सही खरी का, हे चेक आणणाऱ्यालाच विचारणं.

विंडोजच्या बऱ्याच फायलींना सही आतच असते. राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ बघा. मात्र सही फक्त ‘कुणाची’ ते सांगते, ‘कशी’ ते नाही. २०१७ साली सीक्लीनर या प्रोग्रामच्या ५.३३ आवृत्तीत घातक कोड शिरला होता, आणि तिच्यावर कंपनीची अस्सल सही होती.

राहता राहिला भाचा. सही यादीवर आहे, मोठ्या फाईलवर नाही. म्हणून आकडा जुळवायचाच, फक्त सही तपासून झाल्यावर.