पाठ : लेंकराची बोली आणि त्याचा मान

ज्या लेंकरास आपण शाळेंत बसविलें, त्याच्या तोंडची भाषा जर दाराबाहेर ठेविली, तर त्याचें शिक्षण होतें काय, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

बुलढाणा जिल्ह्यांतील जळगांव जामोद तालुका सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे. तेथील जामोद, सोनबर्डी, चालठाणा इत्यादि गांवीं निहाल लोक राहतात. त्यांच्या निहाली भाषेंत कोरकू व मराठी शब्द पुष्कळ आले आहेत. तथापि तिचें मूळ नातें कोणत्याहि भाषाकुळाशीं विद्वानांस सिद्ध करितां आलेलें नाहीं. ती बोलणारे सुमारें दोन ते अडीच हजार. १९७१ पासून खानेसुमारींत दहा हजारांहून कमी लोकांच्या भाषेचा आंकडा वेगळा छापीत नाहींत. म्हणून सरकारी तक्त्यांत ही भाषा दिसत नाहीं. निहाल मनुष्य घरीं निहाली, शेजाऱ्याशीं कोरकू व बाजारांत मराठी किंवा हिंदी बोलतो. अशा माणसास अडाणी म्हणणें न्यायाचें आहे काय?

त्याचें सहा वर्षांचें मूल शाळेंत येतें. गुरुजी मराठींत पुसतात, तें गप्प राहतें. गुरुजींस वाटतें, ह्यास कांहीं येत नाहीं. इतर मुलें हंसतात. मग मुलास वाटतें, माझ्या आईची भाषा हलकी आहे. एकदां असें वाटलें, म्हणजे तें शाळा तरी सोडतें, नाहीं तर आपली भाषा तरी. दोहोंकडून हानीच.

ह्यावर उपाय करणारीं माणसें होऊन गेलीं आहेत. मिशनरी जॉन ड्रेक यांनीं १९०३ सालीं कोरकू भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. शिकवूं पाहणारा आधीं स्वतः शिकला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें, व १९५७ सालीं तें कोसबाडास नेलें. आदिवासी मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं मुलांस दोष न देतां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढिली. पानें, बिया व खडे हींच तेथील शिकण्याचीं साधनें झालीं.

कायद्याचेंहि पाठबळ आहे. राज्यघटनेंतील ३५०-अ हें १९५६ चें कलम व २००९ चा शिक्षणहक्क कायदा, दोहोंतहि मातृभाषेंतून शिक्षणाची तरतूद आहे. पण कायदा आपल्या पायांनीं डोंगर चढत नाहीं; तो कोणी तरी न्यावा लागतो.

ह्याचा अर्थ मराठी शिकवूं नये, असा नव्हे. दवाखाना, कचेरी व बाजार येथें मराठी लागतेच. मात्र घरची बोली ही पायरी आहे. पायरी काढून घेऊन मुलास माडीवर ये म्हणणें शहाणपणाचें नाहीं.

तरी वाचकांनीं तीन गोष्टी कराव्या. डोंगरांतल्या शेजाऱ्यास त्याच्या भाषेंतले दहा शब्द विचारून पाठ करावे. मूल शाळेंत कां येत नाहीं, हें त्याच्या घरीं जाऊन विचारावें. आणि कोणाच्या बोलण्यास कोणी हंसल्यास तेथेंच थांबवावें.

चर्चेसाठीं प्रश्न : १. आपल्या गांवीं किती बोली बोलतात? २. कोणत्या बोलीच्या मुलांनीं शाळा सोडली? ३. त्यांच्या घरीं ह्या आठवड्यांत कोण जाईल?