काळा डाग जाळण्याआधी

डाग पांढरा असला की आपण घाबरतो, काळा असला की सोडून देतो. हिंगोली, वसमत, कळमनुरीकडची ही रीत उलटी आहे. कोडाचा ठिपका दिसला की घरात मुलीच्या लग्नाची काळजी सुरू होते. तळपायावर काळं काही उमटलं तर मात्र कुरूप असेल, काटा मोडला असेल, मुका मार असेल असं म्हणत वर हळद दाबली जाते. कोडाने जीव जात नाही. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरने जातो. त्यात आता लेसर आणि ‘लाइट’ सहज मिळू लागल्याने गोंधळ वाढला आहे. माझं सांगणं एवढंच, की प्रकाश हे औषध आहे आणि औषध निदानानंतर घ्यायचं असतं.

प्रकाशाने बरं करणं ही भोंदूगिरी नव्हे. त्वचेच्या क्षयावरच्या प्रकाशोपचारासाठी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळालं. कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा आपला जुना उपायही पोकळ नाही. बावचीत सोरालेन असतं आणि त्यामुळे कातडीवर अतिनील किरणांचा परिणाम वाढतो. १९७०च्या दशकात ‘पुवा’ उपचार याच तत्त्वावर रूढ झाला. फरक आहे तो मात्रेचा. दवाखान्यात किरणं मोजून देतात, डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवतात, कातडी किती लाल झाली ते बघून पुढची मात्रा ठरवतात. एप्रिलच्या उन्हाला असं माप नसतं, म्हणून बावचीचं तेल चोळून बसलेल्याच्या अंगावर फोड उठू शकतात.

मग या लाइटनेच कॅन्सर झाला तर? शंका रास्त आहे. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुवा घेतलेल्या सोरायसिसच्या रुग्णांमध्ये पहिल्या उपचारानंतर सुमारे १५ वर्षांनी मेलानोमा वाढलेला दिसला, विशेषतः २५० किंवा त्याहून जास्त वेळा उपचार घेतलेल्यांत. पण ते बहुतांशी गोरे रुग्ण होते. आज कोडासाठी मुख्यतः ३११ नॅनोमीटरच्या आसपासची अरुंद पट्ट्यातली किरणं वापरतात आणि त्यांनी मेलानोमा वाढल्याचा ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही. तेव्हा लाइटला भिऊ नये, मात्र किती वेळा घेतला याची नोंद स्वतःजवळ ठेवावी.

‘आपण सावळे, हा गोऱ्यांचा रोग’ हा दुसरा आक्षेप. तो अर्धाच खरा आहे. आपल्याकडे मेलानोमा कमी होतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, म्हणजे जिथे ऊन फारसं लागतच नाही. गोऱ्यांच्या मेलानोमातल्या जनुकांवर उन्हाच्या खुणा मुबलक सापडतात, तळपायाच्या मेलानोमात फारच कमी. गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या नखाखाली मेलानोमा आढळला आणि १९८१ मध्ये ते वारले. असा डाग जवळून पाहिला तर कडा वेड्यावाकड्या दिसतात, रंग कुठे तपकिरी, कुठे काळाकुट्ट असतो. नखातली काळी रेघ रुंदावत मागच्या कातडीवर उतरते. माराने साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. ही रेघ सरकत नाही.

अशा डागावर लेसर मारला किंवा तो ॲसिडने जाळला, तर वरचा रंग जातो, खालचा रोग राहतो आणि तपासायला तुकडाही नीट उरत नाही. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती निराधार आहे. डाग किती मिलिमीटर खोल गेलाय हे त्या तुकड्यावरूनच कळतं आणि पुढचे उपचार त्यावरच ठरतात. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायचं तर मजुरी बुडते, हे खरं. पण पातळ असताना काढलेला मेलानोमा बहुधा तेवढ्या शस्त्रक्रियेवर सुटतो. पसरल्यावर मुंबईच्या फेऱ्या आणि महागडी इंजेक्शनं. म्हणून आंघोळीच्या वेळी तळपाय नि नखं बघा, बदलता किंवा चिघळणारा काळा डाग त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. कुणी थेट लेसर सुचवला, तर ‘आधी तुकडा तपासायला पाठवणार का?’ असं विचारा आणि उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरा डॉक्टर गाठा.