मुलांचे मौन ओळखा



2016 मध्ये यवतमाळ शहरातील एका शाळेत लहान मुलींच्या लैंगिक छळाचे आरोप पुढे आले, तेव्हा संतप्त पालक रस्त्यावर उतरले. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या प्रकरणाने पुन्हा तसाच हादरा दिला. दोन्ही वेळा संताप उसळला आणि ओसरला. परंतु आपल्याच घरातील मूल काही सांगू पाहत असेल तर ते आपल्याला ओळखता येईल काय, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

संतती ही अल्लाहची अमानत आहे. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी प्रत्येकाला राखणदार म्हटले असून, त्याच्या राखणीतील लोकांविषयी त्याला जाब विचारला जाईल, असे बजावले आहे (हदीस : बुखारी, मुस्लिम). राखणदाराचे पहिले कर्तव्य जागे राहणे हे होय.

अत्याचार सांगण्यासाठी लहान मुलाजवळ शब्द नसतात; त्याचे वागणे बोलते. आनंदाने शाळेत, मकतबमध्ये वा शिकवणीला जाणारे मूल अचानक तेथे जाण्यास नकार देते. एखादी विशिष्ट व्यक्ती घरी येताच ते आईमागे लपते. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतते. ते झोपेत दचकते, जेवण टाकते, अबोल किंवा चिडखोर होते. लघवीच्या वेळी किंवा बसताना दुखते म्हणते. वयाला न शोभणारे शब्द बोलते. कोणी दिलेला खाऊ वा पैसे लपवते. यांतील एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. कारण आजारही असू शकतो. पण अशा खुणा दुर्लक्षून चालणार नाही. मुलग्यांच्या बाबतीतही हीच दक्षता हवी.

धोका केवळ अनोळखी माणसाकडून असतो, हा भ्रम आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अभ्यासात सुमारे निम्मे अत्याचारी मुलाच्या ओळखीचे व विश्वासातले आढळले. सूरह अन्-नूरमध्ये (आयत 58) घरातील मुलांनाही तीन वेळी परवानगी घेऊनच आत येण्याची शिकवण दिली आहे. खासगीपणाची मर्यादा घरातही असते, हे मुलाला येथूनच कळते. आपल्या शरीराचीही अशीच मर्यादा आहे आणि ती कोणी मोडली तर निर्भयपणे सांगावे, हेही त्याला शिकवा.

मूल बोलले, तर रागावू नका. खोदून खोदून विचारू नका. ‘‘तुझी काही चूक नाही, सांगितलेस ते चांगले केलेस,’’ एवढे म्हणा. मग अब्रूच्या भीतीने गप्प बसू नका. अन्याय झाकणे म्हणजे सब्र नव्हे. वाईट गोष्टीची वाच्यता अल्लाहला आवडत नाही, परंतु अत्याचारपीडिताला त्यातून सूट आहे (सूरह अन्-निसा, 148). साक्ष आप्तांविरुद्ध गेली तरी न्यायावर ठाम राहण्याचा आदेश त्याच सूरहमध्ये आहे (135).

2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मुलाचा जबाब घरीही घेता येतो. पोलिसांनी त्या वेळी गणवेशात असू नये आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. मदतीसाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक मोफत आहे.

आज रात्री फोन बाजूला ठेवून मुलाजवळ बसा व त्याचा दिवस ऐका. अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.