न दिसणारा घाव

सन १९४५ च्या ऑगस्ट महिन्याची ६ तारीख. जपानमधील हिरोशिमा शहरावर सकाळी अणुबाँब पडला आणि क्षणार्धात शहर उद्ध्वस्त झाले. तेथील एका रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर मिचिहिको हाचिया हेही जबर जखमी झाले. परंतु जखमा पुरत्या भरून येण्यापूर्वीच ते रुग्णांच्या शुश्रूषेत गढून गेले.

थोड्याच दिवसांत त्यांना एक कोडे पडले. ज्यांच्या अंगावर भाजल्याची खूणही नव्हती, अशी माणसे दगावू लागली. आरंभी त्यांना उलट्या व जुलाब होत. कित्येकांना मध्यंतरी बरे वाटे. मग केस गळत, हिरड्यांतून रक्त येई आणि त्वचेवर बारीक ठिपके उमटत. प्रथम हगवणीची शंका आली. पण ती खरी ठरली नाही.

रुग्णालयातील सूक्ष्मदर्शक यंत्र स्फोटात निकामी झाले होते. पुढे टोकियोहून दुसरे यंत्र आले. रक्त तपासताच उलगडा होऊ लागला. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. कित्येक रुग्णांत त्या हजाराहूनही कमी भरल्या! शवपरीक्षेत अनेक इंद्रियांत रक्तस्राव झालेला आढळला.

याचे कारण काय? बाँबमधून निघालेले अदृश्य किरण शरीरात खोल शिरले होते. ज्या पेशी सतत नव्याने निर्माण होतात, त्यांचा हे किरण सर्वांत आधी नाश करतात. हाडांतील मज्जा हा रक्तपेशींचा कारखानाच होय. तो बंद पडला, की जुन्या पेशी संपत जातात आणि नव्या येत नाहीत. म्हणून रोग काही दिवसांनी प्रकट होतो. पांढऱ्या पेशी घटल्या, की रोगजंतूंना रान मोकळे मिळते. रक्त गोठविणाऱ्या रक्तपट्टिका घटल्या, की रक्तस्राव थांबत नाही. आतड्यांचे अस्तर व केसांची मुळेही अशीच दुखावतात. किरणांची मात्रा फारच मोठी असेल, तर हृदय व मेंदूही वाचत नाहीत.

आज रक्त देऊन, जंतुनाशक औषधे योजून व मज्जेला चालना देऊन काही रुग्ण वाचविता येतात, सर्वच नव्हे.

हाचिया यांनी त्या दिवसांची रोजनिशी लिहून ठेवली. स्वतः वेदना सोशीत असताही त्यांनी पाहणे, मोजणे व नोंदणे सोडले नाही. म्हणूनच तो न दिसणारा घाव जगाला दिसला.