लोणारचे पाणी आणि आपल्या पेशींचे मूळ

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यास हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव कारणीभूत असल्याचे निष्पन्न झाले. एरवी या पाण्याला हिरवी छटा येते ती मुख्यतः स्पिरुलिनामुळे. औषधालयांतून गोळ्यांच्या रूपाने विकले जाणारे हे ‘शैवाल’ वस्तुतः नीलहरित जीवाणू होय. आर्किया व जीवाणू या दोन्ही कुळांतील पेशींना केंद्रक नसते. तथापि आपली सकेंद्रक पेशी याच दोन कुळांच्या सहवासातून उत्क्रांत झाली, असे आज मानले जाते.

सुमारे दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी आर्किया कुळातील एका पेशीत प्राणवायू वापरणारा जीवाणू शिरला. त्याचे पचन न होता तो तेथेच स्थिरावला. तीच आजची तंतुकणिका. हा यजमान हॅलोआर्किया नव्हे. त्याचे निकटचे आप्त २०१५ मध्ये खोल सागरतळाच्या गाळातील डीएनएवरून ज्ञात झाले. पुढे अशाच एका सकेंद्रक पेशीने नीलहरित जीवाणू सामावून घेतला व हरितलवक निर्माण झाले. तुळस-अडुळशाची हिरवाई ही अशी स्पिरुलिनाच्या कुळाची देणगी आहे.

लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हा विचार साधार मांडला. तंतुकणिकेस स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो, मानवात त्यात ३७ जनुके असतात आणि तिचे रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमशी साम्य दाखवतात.

या साम्याला चिकित्सेत मोल आहे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन आदी औषधे जीवाणूंच्या रायबोसोमवर आघात करतात. तंतुकणिकेच्या डीएनएत १५५५ व्या स्थानी विशिष्ट बदल असलेल्या व्यक्तींत तिचा रायबोसोमही या औषधांना बळी पडतो आणि नेहमीच्या मात्रेनेही कायमचे बहिरेपण येऊ शकते. हा बदल केवळ मातेकडून अपत्यांत उतरतो. (चरकोक्त मातृज भावांशी याची सांगड घालण्याचा मोह मात्र टाळावा, तो विषय भिन्न आहे.)

म्हणून क्षयादी विकारांत अशी इंजेक्शने चालू होणार असल्यास रुग्णाची आई, आजी, मामा, मावशी यांपैकी कोणास इंजेक्शनांनंतर बहिरेपण आले होते काय, हे वैद्यांनी अवश्य विचारावे व होकार मिळाल्यास उपचारकर्त्या डॉक्टरांस तत्काळ कळवावे. एका प्रश्नाने एखाद्याची श्रवणशक्ती वाचू शकते.