मुंबईस औषधोपचारासाठी जाताना वस्तीची व निवासाची निवड

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील नंदिगड्डे हे रानाच्या कुशीत वसलेले गाव आहे. पूर्वी सुपे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यासह हा सारा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत आधी मुंबई इलाख्यात व पुढे मुंबई राज्यात होता. वरिष्ठ न्यायालयाचे काम निघाले की मुंबई गाठावी लागे. आता त्यासाठी धारवाडला खंडपीठ आहे. तथापि एक प्रसंग असा आहे की, ज्यासाठी या भागातील कुटुंबांना आजही मुंबईची वाट धरावी लागते. तो म्हणजे कर्करोगासारख्या दुर्धर आजाराचा उपचार. बंगळूरचे किदवई रुग्णालयही अशा उपचारासाठी प्रसिद्ध आहे आणि प्रथम त्याचा विचार अवश्य व्हावा. परंतु भाषेची सोय आणि मुंबईत असलेले आप्तेष्ट यांमुळे अनेकांचा ओढा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे असतो.

हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच्या शेजारीच १९२६ पासूनचे के. ई. एम. रुग्णालय व मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय आहे. कुटुंबाची सारी चिंता साहजिकच डॉक्टर व खर्च यांभोवती फिरते, आणि राहावयाचे कोठे हा प्रश्न गाडीतून उतरल्यावर पाहू म्हणून मागे ठेवला जातो. येथेच पहिली चूक होते.

किरणोपचाराचे उदाहरण घ्यावे. हा उपचार सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे कित्येक आठवडे चालतो. तो सहा आठवडे चालला तर तीस वेळा रुग्णालयात जावे लागेल व तीस वेळा परतावे लागेल, म्हणजे साठ फेऱ्या झाल्या. आता समजा, कल्याण किंवा पनवेलकडे एखादी खोली परळपेक्षा रोज ४०० रुपयांनी स्वस्त मिळाली. सकाळी आठ ते अकरा या वेळेत दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये धडधाकट माणसासही पाय ठेवावयास जागा मिळणे कठीण, तेथे उपचाराने थकलेल्या रुग्णाची काय कथा? मग टॅक्सी करावी लागते आणि वाचलेले ४०० रुपये मीटरवरच निघून जातात. रिक्षाचा भरवसा तर मुळीच धरू नये. वांद्रे व शीव यांच्या दक्षिणेस मुंबईत रिक्षा चालत नाहीत, ही गोष्ट गावाकडून येणाऱ्यांस बहुधा तेथे पोहोचल्यावरच कळते.

म्हणून खोलीचे भाडे पाहण्यापूर्वी नकाशा पाहावा. रुग्णालयास परळ, प्रभादेवी व दादर ही स्थानके सोयीची आहेत. प्रभादेवी म्हणजे पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड. जुने लोक अद्याप तेच नाव घेतात, ते ध्यानात ठेवावे. परळ, लालबाग व दादर पूर्व या वस्त्या मराठी बोलीच्या असून खानावळी, औषधांची दुकाने व भाजीबाजार जवळ आहेत. त्यांचेही दोष आहेत. हिंदमाता परिसर मुसळधार पावसात पाणी साचण्याबद्दल प्रसिद्ध आहे, तेव्हा पावसाळ्यात तळमजल्याची खोली घेऊ नये. गणेशोत्सवात लालबाग-परळमध्ये लोटणारी गर्दी आणि रात्रभर चालणारे ढोल-ताशे भाविकांस कितीही प्रिय असले तरी झोपेवाचून तळमळणाऱ्या रुग्णास ते सोसवत नाहीत. त्या दिवसांत दादरच्या शांत गल्लीत, थोडे अधिक भाडे देऊनही, राहणे शहाणपणाचे.

खोली कोणत्या प्रकारची घ्यावी? गावची माणसे एकमेकांस आधार देत, ही मुंबईची जुनी परंपरा आहे. गिरणगावात कोकणातील गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या असत, तर गोव्याच्या लोकांनी गावोगावचे ‘कूड’ धोबीतलाव व माझगाव भागांत चालविले. परंतु चाळीतील आप्ताच्या दहा बाय बारा खोलीत उपचाराच्या दिवसांत रुग्णास ठेवणे दोघांसही अवघड होते. औषधांमुळे रुग्णाची रोगप्रतिकारशक्ती घटलेली असते आणि घरातील लहान मुलाचे साधे पडसेही त्यास बाधू शकते. यासाठी धर्मशाळांचा विचार करावा. संत गाडगे महाराजांनी यात्रेकरूंसाठी व गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत दूरगावच्या रुग्णांची व सोबत्यांची सोय होते. परळची नाना पालकर स्मृती समितीही असेच काम करते. तेथे जागा मिळण्यास रुग्णालयाची कागदपत्रे लागतात व बहुधा वाट पाहावी लागते. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी चौकशी करावी. तोवरचे चार-सहा दिवस मात्र लॉजमध्येच काढावे लागतात, असे धरून चालावे.

लॉज ठरविताना केवळ छायाचित्रांवर विसंबू नये. गावातील शिक्षकाने किंवा पंचायतीतील लिहित्या-वाचत्या माणसाने दूरध्वनी करून नेमके प्रश्न विचारावेत. उद्वाहक आहे काय, आणि तो रात्री चालू असतो काय? कमोड आहे काय? गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते? शेगडी वापरण्यास मुभा आहे काय? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. तोंडाच्या वा घशाच्या उपचारात रुग्णास मऊ अन्नच चालते, आणि नंदिगड्ड्याच्या माणसास खानावळीच्या रश्श्यापेक्षा घरची पेज अधिक मानवते. बहुतेक लॉजमध्ये शेगडीस बंदी असते. दिवसाचा हिशेब दुपारी बारापर्यंत की चोवीस तासांचा, हेही विचारून घ्यावे. भल्या पहाटे येणाऱ्या गाडीने उतरणाऱ्यास बाराच्या हिशेबात सहा-सात तासांसाठी एक पूर्ण दिवसाचे भाडे पडते. अनामत रकमेची पावती मागावी. रुग्णालयाच्या फाटकाशी ‘स्वस्त खोली दाखवितो’ म्हणणाऱ्या अनोळखी इसमाच्या हाती एक रुपयाही देऊ नये. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र जवळ असावे.

प्रवासाची दिशाही निवासाशी निगडित आहे. लोंढ्याहून दादरला संपणाऱ्या गाड्या मिळतात व तेथून परळ जवळ पडते. कारवारहून मत्स्यगंधा एक्स्प्रेसने गेल्यास गाडी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपते व पुढे टॅक्सीचा खर्च येतो. शिवाय पावसाळ्यात अणशी घाटात दरड कोसळण्याचा धोका असतोच. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास व त्याच्या एका सोबत्यास रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. शयनयान वर्गात रुग्णास पूर्ण व सोबत्यास ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. आयुष्मान भारत कार्ड मात्र उपचारासाठी आहे. बाहेरच्या लॉजचे भाडे त्यातून भागत नाही, तेवढी रक्कम घरूनच बाजूस काढून न्यावी.

परत निघण्यापूर्वी पुढील तपासणीची तारीख रुग्णपत्रिकेवर लिहून मिळते. त्याच दिवशी, मुंबई सोडण्याआधी, त्या तारखेसाठी धर्मशाळेत किंवा लॉजमध्ये जागेविषयी बोलून ठेवावे आणि दूरध्वनी क्रमांक दोन कागदांवर लिहून एक सोबत्याच्या खिशात व एक रुग्णाच्या पिशवीत ठेवावा.